मिलिटरीच्या झाडांखालची अळंबी

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला, जिथं काळी जमीन संपते आणि मुरमाड माळ सुरू होतो, तिथं चिडाची तीन झाडं आहेत. धाराशिव जिल्ह्यात चीड म्हटलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग विषय बदलतात. बाभूळ, लिंब, चिंच, आंबा, फार तर बांधावरचा साग, एवढ्यावर आमच्या भागाचं भागतं. ही तिघं मात्र सरळसोट वर गेलेली, सुयांसारख्या पानांची, अस्सल डोंगरातली झाडं. माझे सासरे फौजेत होते. निवृत्त होऊन घरी येताना त्यांनी लोखंडी ट्रंकेत कपड्यांच्या जागी पाच रोपं भरून आणली, मुळाशी तिथल्याच मातीचा गोळा ठेवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून. कपड्यांचं गाठोडं हातात. दोन रोपं पहिल्या उन्हाळ्यात गेली. तीन जगली आणि गावानं त्यांचं नाव ठेवलं, मिलिटरीची झाडं.

कुणी त्यांना सुरू म्हणतं, कुणी नाताळचं झाड. मला ते सहन होत नाही. मी लगेच सुयांचा एक झुबका तोडून दाखवते, बघा, एका देठातून तीन सुया निघतात, हा चीड. तीस वर्षं लोहाऱ्याच्या आसपासच्या पोरांना जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे समोरच्यानं विचारलेलं नसलं तरी सांगायची खोड लागलेली आहे. नवरा म्हणतो, तू निवृत्त झालीस, पण तुझा तास संपला नाही.

हा तास सगळ्यात जास्त ऐकला असेल तो माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. मी त्यांना अक्का म्हणते. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चालतं, त्यामुळे थोरली ती अक्का. अक्का येरमाळ्याकडच्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण शेतातलं कुठलंही पान अंधारात हात लावून ओळखतात. घराचा स्वयंपाक, सणवार आणि शेतावरच्या बाया त्यांच्या ताब्यात. मी कॉलेजातून पगार आणायची आणि भाकरी थापायला बसले की नकाशा थापायची. आमचं बरं चाललं होतं. त्या खुशीत असल्या की मला "बाई" म्हणत आणि रागात असल्या की "मॅडम".

निवृत्तीनंतर मला अळंबीचं वेड लागलं. का लागलं ते नीट सांगता येणार नाही. कॉलेजात त्या धड्याला मी दोन तासांपेक्षा जास्त वेळ कधी दिला नव्हता. पण रिकामपणी पावसाळ्यात बांधावरून फिरताना कुत्र्याच्या छत्र्या दिसायला लागल्या आणि लक्षात आलं की आपल्याला यातल्या एकीचंही नाव येत नाही. माझ्यासारखीला हे सहन होणं शक्य नव्हतं. पुण्याच्या भाचीकडून एक जाडजूड पुस्तक मागवलं, भिंग घेतलं, वही केली. पहिल्या महिन्यात मला तीन प्रकार ओळखता आले आणि मी तीस येत असल्याच्या तोऱ्यात वागायला लागले.

त्या पुस्तकातली एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. डोंगरातल्या सूचिपर्णी झाडांखाली तपकिरी रंगाची एक जात उगवते. टोपी लहान, मधोमध टोक, टोकापासून कडेपर्यंत साल चिरत गेलेली. दिसायला गरीब, पण खाल्ली तर दरदरून घाम, तोंडाला पाणी, पोट पिळवटणं, डोळ्यांपुढे धूसर, आणि वेळेवर इलाज नाही झाला तर जीवही जाऊ शकतो. शिजवून विष जात नाही. मी पेन्सिलीनं खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, टोक आणि चिरलेली टोपी, धोका.

आणि मग आखाडात अक्कांचा भाऊ आला.

तो यष्टीनं आला होता, मांडीवर मोठा डबा धरून. डब्यात पळसाची पानं, पानांत अळंबी. त्यांच्याकडच्या माळावर वारुळं आहेत. आखाडात तिथं पाच-सहा दिवस अळंबी फुटते, तीही ज्याला जागा माहीत आहे त्यालाच मिळते. पहाटे जाऊन, काढून, पहिली गाडी पकडून त्यानं ती बहिणीसाठी आणली होती. अक्कांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता. साठी कधीच ओलांडलेली बाई क्षणात परकर नेसलेली पोर झाली. "बाई, आज तुला माझ्या माहेरची भाजी खाऊ घालते," म्हणाल्या.

मी डब्यात बघितलं. मधोमध टोक. टोकापासून कडेपर्यंत चिरलेली टोपी.

"हे खायचं नाही," मी म्हणाले.

अक्का हसल्या. म्हणाल्या, "आगं, जन्म गेला खाण्यात." मी पुस्तक आणलं. चित्र दाखवलं. अक्कांच्या भावानं चित्र बघितलं आणि म्हणाला, "ह्ये न्हाय ते, ताई." मी त्याला विचारलं, कशावरून? त्याला सांगता येईना. तो म्हणाला, "वळखू येतंय की." यावर मी माझा सगळा तास घेतला. घाम, लाळ, डोळे, दवाखाना, सगळं. घरातली लहान पोरं घाबरली, भावजी म्हणजे अक्कांचे यजमानसुद्धा घाबरले, आणि भावजींनीच डबा उचलून उकिरड्यावर रिकामा केला. अक्कांचा भाऊ संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा घेऊन परत गेला. जाताना मला नमस्कार करून गेला, हे मला अजून आठवतं.

आपण बरोबर होतो याचा पुरावा पाहिजे म्हणून मी त्यातली एक टोपी बाजूला काढून ठेवली होती. पुस्तकात युक्ती दिली होती. टोपी पांढऱ्या कागदावर उपडी ठेवायची, वर वाटी झाकायची, दुसऱ्या दिवशी बघायचं. टोपीखालच्या पापुद्र्यांतून बीजाणू गळतात आणि कागदावर त्यांच्या रंगाची नक्षी उमटते. त्या विषारी जातीची नक्षी तपकिरी असते, ओल्या मुरमासारखी.

सकाळी वाटी उचलली तर कागदावर गुलाबी नक्षी. फिकट, लहान बाळाच्या तळव्याच्या रंगाची. पुस्तकाची पानं उलटली. वारुळावरची अळंबी, गुलाबी बीजाणू, खाण्यात उत्तम. देठ मुळासारखा खोल वारुळात गेलेला. टोक असतंच, त्या टोकानंच ती माती फोडून वर येते. हे सगळं त्याच पुस्तकात होतं, चाळीस पानं पुढे. मी तिथवर वाचलं नव्हतं.

मी कागदाचा मोबाईलवर फोटो काढला, कागद फाडून चुलीत घातला आणि कुणाला काही बोलले नाही.

का बोलले नाही? लाज वाटली म्हणून. दुसरं कारण नाही. उकिरड्यावरची भाजी काही परत येणार नव्हती, मग आता बोलून काय उपयोग, अशी मी स्वतःची समजूत काढली. अक्का त्या दिवसापासून मला "मॅडम" म्हणायला लागल्या ते सणासुदीलासुद्धा सुटलं नाही. जेवायला वाढत, दुखलंखुपलं विचारत, पण "मॅडम, भात घ्या." त्या भातात मीठ कितीही बरोबर असलं तरी मला तो अळणी लागायचा.

मार्गशीर्षात येळवस आली. बाहेरच्यांसाठी सांगते, वेळअमावस्या हा आमचा, म्हणजे लातूर, धाराशिव आणि कर्नाटकाच्या हद्दीकडच्या लोकांचा, सगळ्यात मोठा सण. दिवाळी त्याच्यापुढे काहीच नाही. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. लोहाऱ्यात चहाची टपरीसुद्धा उघडी सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्या लावून कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव मांडायचे, पूजा करायची, आंबील शिंपडत कानडी आरोळी देत शेताला फेरी मारायची आणि मग जेवायचं. ज्याला शेत नाही त्याला बोलावून जेवू घालायचं. मास्तर, कारकून, दुकानदार, बँकेतली बदलीवर आलेली पोरं, कुणीही चालतं. काळ्या आईच्या पोटात बाळ आहे, तिचं हे डोहाळजेवण, असं अक्का म्हणतात.

जेवणात मुख्य ती भज्जी. भज्जी म्हणजे तेलात तळलेली नव्हे. रानात जे जे असेल ते सगळं एका भांड्यात. तुरीचे हिरवे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाल, वाटाणा, मेथी, पातीचा कांदा, गाजर, वांगं, चिंचेचा कोळ आणि वरून बेसन. ज्याच्या त्याच्या घरची भज्जी वेगळी. बाकी बाजरीचे उंडे, भाकरी, खीर सगळे घरून करून आणतात. आमच्या अक्का भज्जी मात्र शेतातच करतात, तीन दगडांच्या चुलीवर, स्वतःच्या हातानं. आजूबाजूच्या पाच-सहा शेतांतले लोक काही ना काही निमित्त काढून आमच्या कोपीत डोकावतात ते त्या भज्जीसाठी. या बाबतीत अक्कांना मोठेपणा आहे आणि तो त्यांच्या हक्काचा आहे.

यंदा येळवशीच्या आधी चार दिवस अवकाळी पाऊस झाला होता. शिवाय माळाच्या कडेला आम्ही नवीन सीताफळं लावली आहेत, त्यांचं ठिबक मिलिटरीच्या झाडांपर्यंत जातं. हवा गार, जमीन ओली. सकाळी शेतात पोहोचल्यावर मी जेवायला बोलावलेल्या बँकेच्या पोरांना कोपीतले पांडव दाखवत बसले. निम्मं शिकवणं, निम्मं मिरवणं. अक्का सरपणाला चिडाच्या वाळक्या काटक्या आणायला वर गेल्या होत्या.

साडेअकराच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली.

"मॅडम, इकडं या जरा."

चुलीवर पातेलं रटरटत होतं. अक्कांच्या पुढ्यात सूप, सुपात त्यांचा पांढरा धुतलेला रुमाल, रुमालावर पन्नास-साठ अळंब्या नीट मांडलेल्या. मधोमध टोक. टोकापासून कडेपर्यंत चिरलेल्या टोप्या. अक्कांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ह्या माझ्या माहेरच्या आळंब्या. मामंजींच्या झाडाखाली उगवल्यात. आता बोला."

पाहुणे हसले. भावजी हसले. मी सुपाशी वाकून बघितलं.

"अक्का, या टाकू नका," मी म्हणाले.

"मला ठाव व्हतं, तू ह्येच म्हणनार," अक्का पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या. "आमच्या मॅडमला आळंबी दिसली की दवाखाना दिसतोय. आखाडात आसंच केलं तिनं. डबाभर उकिरड्यावर घालाय लावला."

आता मला सांगा, मी काय बोलायला हवं होतं? दोन्ही वेळा तेच टोक आणि तीच चिरलेली टोपी. आखाडात मी विषारी म्हटलं तेव्हा ती चांगली निघाली. आज मी परत विषारी म्हणते आहे. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर माझाही विश्वास बसला नसता. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला माझाही माझ्यावर पुरता विश्वास नव्हता. इथं चूक झाली तर एकदा अक्कांच्या माहेरचं टाकलं, आता त्यांच्या येळवशीचं टाकलं असं होणार होतं. आणि गप्प बसले तर बँकेची ती पोरं, आमची नातवंडं, शेजारची म्हातारी, सगळी त्याच पातेल्यातून जेवणार होती.

"अक्का, मला दहा मिनिटं द्या," मी म्हणाले. "तवर चिरू नका." आणि खुरपं घेऊन माळाकडे पळत सुटले. साठी उलटलेली बाई साडी खोचून पळताना बघून पाहुण्यांना काय वाटलं असेल ते वाटो.

झाडांखाली सुयांचा तपकिरी थर, त्यातून अजून पंधरावीस डोकी वर आलेली. गुडघे टेकले. एकीच्या कडेनं हळूहळू खुरपत गेले. वारुळाची असती तर देठ हात-दोन हात खोल गेला असता. हा दोन बोटांवर संपला, खाली जरासा फुगलेला. वारूळ नाही, वाळवी नाही. जिथं दोघी एकमेकींवर वाकल्या होत्या तिथं खालचीच्या टोपीवर वरचीची भुकटी पडलेली. मी ती बोटावर घेतली, उन्हात धरली. तपकिरी. ओल्या मुरमासारखी.

त्या खड्ड्यात मला आणखी एक गोष्ट दिसली. चिडाच्या कोवळ्या मुळ्यांना पांढरट बुरशीचे धागे लपेटलेले होते, पायमोजे घातल्यासारखे. एकदम उजेड पडला. ही अळंबी आमच्या मातीतली नाहीच. ती या झाडांची सोबतीण आहे. झाडाला पाणी आणि क्षार आणून देते, झाड तिला साखर देतं. सासऱ्यांनी ट्रंकेत पाच रोपं आणली असं आम्ही सगळे समजत होतो, पण मुळाशी जो मातीचा गोळा ठेवला होता त्यातून ही पण आली होती. तिच्यामुळेच ही झाडं इथल्या उन्हाळ्यात टिकली असतील. मी तिथंच मातीत बसून मोठ्यानं हसले. विषारी आहे, नक्की विषारी आहे, आणि तरी मला तिचा इतका आनंद झाला की काही विचारू नका. मग भानावर आले आणि परत पळाले.

अक्का विळी घेऊन बसल्या होत्या, पण चिरत नव्हत्या. सुपावर हात ठेवून वाट बघत होत्या. त्यांच्या त्या थांबण्यानं मला जरा बळ आलं.

"अक्का, त्या जरा उचला बरं रुमालावरून," मी म्हणाले.

त्यांनी चार-पाच उचलल्या. सकाळपासून त्या उपड्या ठेवलेल्या होत्या. पांढऱ्या रुमालावर जिथं जिथं टोपी होती तिथं तिथं गोल तपकिरी नक्षी उमटली होती, रांगोळीच्या ठशासारखी. बँकेतला एक पोरगा म्हणाला, "भारी!"

"ही मातकट भुकटी म्हणजे विषारी जात," मी म्हणाले. "वारुळावरचीची भुकटी गुलाबी असते."

"तुला काय ठाव, वारुळावरचीची कसली आसतीया?" अक्का म्हणाल्या. "तू तर ती बघायच्या आदीच टाकलीस."

सगळे माझ्याकडे बघत होते. चुलीत काटकी तडकली. मी कमरेचा मोबाईल काढला, आखाडातला तो फोटो शोधला आणि अक्कांच्या हातात दिला.

"ही तुमच्या माहेरची," मी म्हणाले. "एक टोपी मी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी बघितलं. गुलाबी होती. चांगली होती. तुमच्या भावाचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं. तेव्हापासून मला माहीत आहे. लाज वाटली म्हणून बोलले नाही. पण आजचं खरं आहे, अक्का. आज माझं ऐका."



अक्कांनी फोटो बघितला. बोटानं मोठा करून बघितला. मग रुमाल बघितला. मोबाईल मला परत दिला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. त्यांनी पदरानं हात पुसले आणि अगदी हळू म्हणाल्या, "चार टाकल्यात."

"कशात?"

"भज्जीत. बारीक चिरून. तुला हाक मारायच्या आदीच."

मग भावजी म्हणाले, "आगं, एवढ्या मोठ्या पातेल्यात चार आळंब्यांनी काय व्हतंय? सगळ्यांत वाटून जातंय. माणसं उपाशी बसल्यात."

खरं सांगते, मलाही एकदा वाटलं, की असं असेल का? पण अक्काच भावजींवर कडाडल्या. "वाटून जातंय व्हय? त्या चारीचं तुकडं नेमकं कुण्या लेकराच्या ताटात पडनार, ते सांगता का?"

त्यांना कुणी जाब विचारला नव्हता. चार अळंब्यांची गोष्ट त्यांनी सांगितली नसती तर ती जगात कुणालाच कळली नसती, मलासुद्धा नाही. अक्का उठल्या. भावजींना खड्डा खणायला लावला, कोपीपासून लांब, गुडघाभर खोल. मी आणि त्यांनी दोन बाजूंनी फडक्यानं पातेलं धरलं आणि साऱ्या गावात नावाजलेली ती भज्जी खड्ड्यात ओतली. वरून सूप रिकामं केलं. कुत्र्यानं उकरू नये म्हणून माती ओढून दगड ठेवले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अक्का म्हणाल्या, "रडायलीस कशाला? आज तिचंच जेवान हाय. तिचं तिला दिलं."

एवढं झाल्यावर त्यांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या बांधावर चढल्या, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि चहूकडच्या शेतांना ऐकू जाईल अशी हाळी दिली. "आमची भज्जी गेलीया! जास्तीची आसंल तर घिऊन या गं!"

तीस वर्षं जिच्या पातेल्याकडे सगळं शिवार डोळे लावून बसायचं, ती बाई भज्जी मागत होती. पहिल्या हाळीला कुणाला खरं वाटलं नाही. दुसऱ्या हाळीला खालच्या शेतातली सासू-सून भांडं घेऊन निघाल्या. मग पलीकडची. मग ओढ्याच्या पल्याडचे, ज्यांच्याशी बांधावरून आमचं बोलणं नव्हतं, तेही. अर्ध्या तासात आमच्या कोपीपुढे नऊ घरच्या नऊ भज्ज्या मांडल्या गेल्या. एक चिंचेची आंबट, एक गूळ घातलेली, एक इतकी तिखट की बँकेची पोरं आंबील पीत सुटली. आणायला आलेले जेवायलाच बसले. पंगत बांधापर्यंत गेली. अक्का प्रत्येक भांड्यात चमचा घालून चव घेत होत्या आणि निकाल देत होत्या. हिला बेसन जास्त झालं. ही लई झ्याक. हिनं मेथी निवडलीच न्हाय, कशाला खोटं बोलायलीस गं? आणि त्या त्या घरची बाई लाजून, हसून, उलट उत्तर देऊन आणखी वाढत होती. इतकी गर्दी आणि इतकं हसणं आमच्या कोपीपुढे मी कधी पाहिलं नव्हतं.

हातावर पाणी पडल्यावर अक्कांनी मला जवळ बोलावलं. चिडाच्या सावलीत आम्ही दोघी बसलो. दुपार कलली होती. खाली पोरं कडब्यावर उड्या मारत होती.

"तवा भ्याली व्हतीस का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग भ्याले म्हणायचं. शहाणी कशाला झालीस?"

त्यांनी माझ्या साडीला चिकटलेली चिडाची सुई काढून टाकली. मग म्हणाल्या, "म्या पन आज घाईच केली. तुला दाखवायचं व्हतं. आमच्यात आळंबीची रीत येगळी हाय. म्या ती आज पाळलीच न्हाय."

"कसली रीत?"

त्यांनी सांगितलं नाही. मोबाईल काढला, भावाला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. "आता तू बोल. त्यालाच इचार, बाई."

मला बाई म्हणाल्या हे कळायला मला जरा वेळ लागला, तेवढ्यात पलीकडून आवाज आला. मी एका दमात सांगून टाकलं. भाऊ, आखाडातली तुमची अळंबी चांगली होती, मी चुकीचं बोलले, तुम्हाला रिकाम्या डब्यानं परत लावलं, सहा महिने लपवलं, माफ करा. तिकडे त्यांच्याही कोपीतला गलका ऐकू येत होता.

तो हसला. "ताई, मला तवाच ठाव व्हतं की चांगली हाय म्हनून."

"मग सांगायचं नाही का? मी विचारलं होतं, कशावरून ओळखलं?"

"ते सांगाय बरं वाटंना," तो म्हणाला. "आमच्यात दुसऱ्याला द्यायची आळंबी आदल्या दिशी नेणारा सोता खातो. त्याच वारुळाची, वाटीभर. मग रातभर बसून बघायचं. घरात बाकी कुनाला द्यायची न्हाय."

"तुम्ही खाल्ली होती?"

"खाल्ली की. बहिणीच्या घरी न्यायची व्हती."